एकोणतीस तासांचा रविवार

शनिवारी दुपारचे चार वाजले होते. मेहिटेबलने भट्टीचं दार उघडलं, काकवीत शिजणारे घेवड्याचे दाणे लाकडी पळीने हलवले, एक दाणा बोटांत दाबून पाहिला आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानून दार पुन्हा लावलं. सूर्य बुडायला तीन तास होते. चार केक, दोन हॅम आणि अकरा पाव तोवर विस्तवावरून उतरायलाच हवे होते. तिच्या माहेरी, कनेक्टिकटच्या जुन्या रीतीने, शब्बाथ, म्हणजे देवाने नेमलेला विश्रांतीचा वार, शनिवारच्या सूर्यास्ताला लागायचा आणि रविवारच्या सूर्यास्ताला सुटायचा. लग्न होऊन ती ओहायोत आली, नवऱ्याच्या तेलाच्या एका कारखान्याचे सव्वीस झाले, घरात चौदा नोकर आले. पण त्या चोवीस तासांत तिच्या घरी कधी चूल पेटली नव्हती, भांडं घासलं गेलं नव्हतं की सुईत दोरा ओवला गेला नव्हता.

“हिटी, तुझा लाडका अजून आहे गं तिथेच,” खिडकीत बसलेली ड्रुसिला म्हणाली. ड्रुसिला ही मेहिटेबलच्या नवऱ्याची, लायमनची, धाकटी बहीण. नवरा वारल्यावर आठ दिवसांसाठी म्हणून आली होती, त्याला आता चौदा वर्षं झाली. “आज नवीन कॉलर घातलीय त्याने.”

“उद्या घरात लग्न आहे. त्यालाही वाटत असेल, जरा बरं दिसावं.”

“तो काय वऱ्हाडी आहे?”

लाडका म्हणजे बेलिफ क्विग्ली. जानेवारीपासून तो फाटकाबाहेरच्या एल्मच्या झाडाखाली, दूध काढायच्या तिवईवर बसून असायचा. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात चौकशी समितीचं समन्स होतं. लायमन बॅसेटने रेल्वेकडून भाड्यात चोरटी सूट घेतली का, आणि त्या सुटीच्या जोरावर आजूबाजूच्या रिफायनऱ्या एकेक करून गिळल्या का, हे समितीला खुद्द लायमनच्या तोंडून, शपथेवर ऐकायचं होतं. पण समन्स माणसाच्या हातात पडल्याखेरीज लागू होत नाही, आणि बेलिफाला घरात घुसता येत नाही. त्यामुळे लायमन घरात आणि क्विग्ली दारात, असा मुक्काम पडला होता.

क्विग्लीने प्रयत्न सोडले नव्हते. तो बर्फवाला होऊन आला, पियानो जुळवणारा होऊन आला, एकदा तर बायकांची बोनेट टोपी घालून परदेशी मिशनची वर्गणी मागायला आला. मेहिटेबलने त्याला मिशांवरून ओळखलं, तरी दोन डॉलर दिले. आणि क्विग्लीने ते खरोखरच मिशनला नेऊन पोचवले. दर वेळी तो विचारी, “मिस्टर बॅसेट घरात आहेत का?” आणि मेहिटेबल सांगे, “आहेत. पण तुम्हाला भेटणार नाहीत.” ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती. मग ती त्याला ताटभर दाणे देई, आणि तो टोपी काढून परत तिवईवर जाऊन बसे.

रविवार तेवढा मोकळा. रविवारी ओहायोत कुणावर समन्स बजावता येत नसे. त्यामुळे लायमनची भक्ती या चार महिन्यांत फार वाढली होती. सकाळचं प्रवचन, दुपारचं प्रवचन, मुलांची शाळा, गायनवृंद. मधल्या वेळात आजाऱ्यांच्या भेटी, त्यात टायफॉइडवालेसुद्धा. पाळक पीझ म्हणाले होते की देवाच्या घराची एवढी ओढ मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिली नाही. मेहिटेबलला कारण ठाऊक होतं. तरी तिने स्वतःला समजावलं होतं, की कारण काही असो, माणूस चर्चच्या बाकावर बसतोय ना.

आता प्रश्न लग्नाचा होता.

मुलीचं, पर्मिलियाचं, लग्न आठवड्याच्या कुठल्याही वारी चर्चमध्ये लावायचं म्हटलं तर बाप दाराबाहेर पडू शकत नव्हता. रविवारी लावायचं म्हटलं तर मेहिटेबल ऐकणार नव्हती. शब्बाथाच्या दिवशी मेजवानी? तिचे वडील थडग्यात उठून बसले असते. महिनाभर घरात यावरून धुसफूस चालली आणि शेवटी वाट मेहिटेबलनेच काढली. रविवारी, पण सूर्यास्तानंतर! देवाचा दिवस संपलेला, सरकारचा रात्री बारापर्यंत चालू. लायमनने टेबलावर हात आपटला होता. “हिटी, तू माझ्या कंपनीत असतीस तर आपण चीनसुद्धा विकत घेतला असता!” तिला ते बोलणं आवडलं नव्हतं. थोडं आवडलंही होतं, त्याबद्दल तिने वेगळी प्रार्थना केली.

“आई!” पर्मिलिया स्वयंपाकघरात आली. केसांना कागदाच्या सुरळ्या, अंगावर सुरकुतलेला झगा, आणि चेहरा रडकुंडीला आलेला. “पपांना काहीतरी सांग. मी विचारलं, उद्या निळा कोट घालणार की काळा. तर म्हणाले, कागदपत्र पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“ऑरिन सराव घेतोय त्यांचा,” ड्रुसिला म्हणाली. “चुकून समन्स पडलंच हातात, तर तयारी हवी ना.”

मेहिटेबल हात पुसून वर गेली. अभ्यासिकेत लायमन खुर्चीत ताठ बसला होता आणि थोरला मुलगा ऑरिन, कंपनीचा उपाध्यक्ष, वकिलासारखा अंगठे जाकिटात अडकवून येरझारा घालत होता.

“आपलं नाव?”

“लायमन बॅसेट. माझ्या समजुतीप्रमाणे.”

“वा! आपल्याला मुलं किती?”

“निश्चित आकडा आठवत नाही.”

“मिस्टर बॅसेट!” मेहिटेबल म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती.

“सराव आहे गं, हिटी. यात खोटं काही नाही. आठवत नाही म्हणणं म्हणजे खोटं नव्हे.”

“आपण लग्नानंतर घेतलेल्या पहिल्या घोड्याच्या पाठीवर किती ठिपके होते?”

“सात. आणि डाव्या कानामागे एक छोटा.” तो खुलून बोलला आणि मग त्याने जीभ चावली.

“बघ आई, हे असं होतं,” ऑरिन वैतागला. “दोन महिने घासतोय मी. तू येतेस आणि पाच मिनिटांत यांना सगळं आठवायला लागतं!”

पर्मिलिया आईच्या मागोमाग येऊन दारात उभी होती. “ऑरिन, उद्या तरी पपांना सोड. उद्या ते माझे आहेत.”

“अगं, आणि समजा काही झालंच, तर मी आहे ना. मी नेईन तुला चर्चमध्ये, दंडात हात घालून. माझा दंड काय वाईट आहे?”

“तुझा दंड नको मला.” पर्मिलियाचा आवाज बारीक झाला. “शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. म्हणायच्या, तुझ्या वेणीला रॉकेलचा वास येतो, तुझा बाप चोर आहे. उद्या तेच सगळं गाव रस्त्यावर उभं असणार. मला पपांचा हात धरून त्यांच्यासमोरून चालायचंय. एकदाच. पपा नसतील तर मी लग्नच करणार नाही, आणि हे मी जोटमलाही सांगितलंय.”

“मग जोटम काय म्हणाला?” ड्रुसिलाही वर आलीच होती.

“म्हणाला, बरं.”

“गुणी आहे हो मुलगा. दुसरं काही बोलतच नाही.”

लायमनने मुलीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, पण दोन महिन्यांच्या सरावामुळे काय बोलावं हे त्याला पटकन सुचेना. “येईन,” एवढंच तो म्हणाला. “उद्या मला कोण अडवतं!”

साडेसहाला पाळक पीझ जेवायला आले. शनिवारचे दाणे ते सहसा चुकवत नसत. भट्ट्या विझवल्या, केक झाकले, शेवटचं भांडं घासून पालथं घातलं. सूर्यास्त झाल्यावर दिवेही लावायचे नाहीत, म्हणून मेहिटेबलने दिवाणखान्यातले दोन आधीच लावून ठेवले. लायमन काळा कोट घालून, हातात पंचांग घेऊन खिडकीशी उभा राहिला.

फाटकाबाहेर नेहमीची शनिवारची गर्दी जमली होती. शनिवारी संध्याकाळी क्विग्लीला बसलेला पाहायला यायची गावाला सवयच लागली होती. बॅसेट कधी सापडणार यावर पैजा लागत, आणि भाजक्या शेंगांवाल्याने कोपरा सोडून आपली गाडी कायमची एल्मखाली आणली होती.

“सात वाजून चार मिनिटं,” लायमन म्हणाला. “बुडाला बघ! लागला रविवार.”

मेहिटेबलने मान लववली आणि शब्बाथाची प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना निम्म्यावर आली तेव्हा फाटकात चाकं वाजली.

व्याही आले होते.

एनॉक टॉलमन म्हणजे जोटमचे वडील. बारा वर्षांपूर्वी त्यांची पेनसिल्व्हेनियातली रिफायनरी लायमनने घशात घातली होती, आणि त्यानंतर टॉलमनांनी आपल्या घरात रॉकेलचा दिवा लावला नव्हता, मेणबत्त्या लावत. मुलाने नेमकी हीच मुलगी पसंत केली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती: बॅसेटने पायऱ्या उतरून, स्वतः हात पुढे करून माझं स्वागत करायचं, नाहीतर मी बग्गीतून उतरणार नाही.

“आमेन,” लायमन घाईने म्हणाला, प्रार्थना संपायच्या आत, आणि दाराकडे निघाला.

“पपा, नक्की ना?” ऑरिनने विचारलं.

“अरे, रविवार लागलाय! विचार तुझ्या आईला.”

मेहिटेबलने मान डोलावली. लागला होता खराच.

चार महिन्यांत पहिल्यांदा लायमन बॅसेट शनिवारच्या गर्दीसमोर व्हरांड्यात आला. फाटकापाशी शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. तो पायऱ्या उतरला, रस्त्याने चालत बग्गीपाशी आला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, “या, टॉलमन! विहीणबाई, या! जोटम, ये बाळा!” मग मोठ्या मनाने एल्मकडे वळून ओरडला, “आणि तू पण ये रे, क्विग्ली! आता काय, रविवार आहे. दाणे खा आमच्याबरोबर!”

क्विग्ली तिवईवरून उठला. त्याने खिशातून घड्याळ काढलं, त्याच्याकडे पाहिलं. मग व्हरांड्यात उभ्या असलेल्या मेहिटेबलकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला, की आता हा रडतो की काय.

“साहेब,” तो पुढे येऊन म्हणाला, “आज वार कोणता म्हणालात?”

“रविवार!”

“साहेब, तुम्ही आत जा हो. मी डोळे मिटतो. मी एक ते दहा म्हणतो, तुम्ही आत जा.”

“का म्हणून? मी माझ्या व्याह्याला आणायला आलोय.”

“साहेब, सरकारचा रविवार रात्री बाराला लागतो,” क्विग्ली म्हणाला. “मी शपथ घेतलीय हो. चार महिने बाईसाहेबांचे दाणे खाल्लेत मी, पण शपथ आधी घेतलीय.” आणि त्याने समन्स लायमनच्या पसरलेल्या उजव्या हातात ठेवलं.

लायमनने कागदाकडे पाहिलं. मग वळून बायकोकडे. “हिटी, रविवार लागलाय ना?”

“आपला लागलाय, मिस्टर बॅसेट,” ती हळूच म्हणाली. “त्यांचा नाही.”

तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारची सुरुवात या माणसाने सासऱ्याकडून घेतली होती आणि शेवट सरकारकडून. दोन रेल्वे कंपन्यांकडून दोन्ही टोकांनी सूट घ्यायची सवय, तीच त्याने वारालाही लावली. पाळक आणि उपाध्यक्ष धरून घरातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एकोणतीस तासांचा रविवार!

फाटकाबाहेर आधी एकजण हसला, मग सगळे. टोप्या उडाल्या. शेंगांवाला आनंदाच्या भरात फुकट पुड्या वाटायला लागला. एनॉक टॉलमन तर बग्गीच्या पायरीवर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“बारा वर्षं,” ते म्हणत होते, “बारा वर्षं थांबलो याच्यासाठी, आणि पुढच्या रांगेत बसायला मिळालं!”

“अहो, पुरे,” विहीणबाई म्हणाल्या. “सोयरीक आहे आपली.”

ऑरिनने बापाच्या हातातला कागद ओढून घेतला आणि वाचता वाचता त्याचं तोंड उतरलं. “समन्स बजावल्यावर येणाऱ्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला कोलंबसला हजर. म्हणजे आज रात्री नऊ वाजून दहाची गाडी.”

“उद्याची धरू,” लायमन म्हणाला. “लग्न झाल्यावर.”

“उद्या गाडी नाही, पपा. त्या लाइनवर रविवारी गाडी सुटत नाही, आणि सोमवारची दहाच्या आत पोचत नाही.”

“कुठल्या गाढवाने बंद केली?”

तीन वर्षांपूर्वी मेहिटेबलने शब्बाथाला धावणाऱ्या गाड्यांसाठी अश्रू गाळले होते, आणि तिच्या वाढदिवसाला लायमनने, रेल्वेचा संचालक या नात्याने, त्या बंद करून टाकल्या होत्या. आता सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

“फाडून टाका!” ऑरिन म्हणाला. “म्हणू, मिळालाच नाही. वार चुकीचा होता म्हणून भांडू.”

“दीडशे माणसांनी पाहिलंय बावळटा,” ड्रुसिला म्हणाली. एरवी ती भाच्याच्या बाजूने असायची. पण आज पोरीचा चेहरा पाहून ती चिडली होती. “लग्न पुढे ढकला. महिनाभराने लावू.”

“महिनाभराने आणखी दुसरं समन्स येईल, आत्या. मग तिसरं.” पर्मिलिया व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती, केसांत कागदाच्या दोन सुरळ्या तशाच राहिलेल्या. “मला कळलंय. नाहीच व्हायचं हे लग्न.”

“मी आहे ना,” ऑरिन पुन्हा म्हणाला. “माझा दंड—”

“खड्ड्यात जाऊ दे तुझा दंड!” हे टॉलमन बोलले. त्यांचं हसू मावळलं होतं. ते उठले, फाटकातून आत आले, थेट लायमनसमोर उभे राहिले. “बॅसेट, तू माझी रिफायनरी नेलीस. मी काही बोललो नाही.”

“तू वर्तमानपत्रात चार पत्रं लिहिलीस.”

“पाच. पण आता माझी सूनही नेतोस का? या पोरीने माझ्या घरी येऊन, पहिल्याच दिवशी, मेणबत्तीच्या उजेडात जेवण वाढलं. एक शब्द काढला नाही. मला ती हवीय. काहीतरी कर!”

“जोटम, तुझं काय म्हणणं?” विहीणबाईंनी विचारलं.

“लग्नाचं लायसन्स माझ्या खिशात आहे,” जोटम म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

“तसं असेल तर,” पाळक पीझ दाण्यांची ताटली खाली ठेवत म्हणाले, “मला आत्ताही लावता येईल. माझा शब्बाथ सरकारबरोबर बाराला लागतो. पण...” आणि ते मेहिटेबलकडे पाहून खोकले.

पण घर तिचं होतं. तिचा शब्बाथ लागून चौदा मिनिटं झाली होती.

मेहिटेबलला वाटलं, आता लायमन काहीतरी डाव टाकणार. गोड बोलेल, फोड करून सांगेल, दोन्हीकडून फायदा दाखवेल. चव्वेचाळीस वर्षं तिने ते पाहिलं होतं. पण तो नुसता उभा राहिला, कोटाची बटणं चाचपत.

“तुझा वार आहे, हिटी,” तो म्हणाला. “मी लोकांचं पुष्कळ घेतलं असेल. तुझ्या वाराला हात लावणार नाही.”

हे तिला अनपेक्षित होतं. त्याने आग्रह केला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. तिने डोळे मिटले आणि वडिलांना आठवून पाहिलं. ते आठवले, नेहमीसारखे कडक. मग तिने देवाला विचारलं. देवाकडून काही आलं नाही. फाटकाकडून भाजक्या शेंगांचा वास आला, आणि पायरीवरून, अगदी दबलेला, मुलीच्या नाक ओढण्याचा आवाज. लहानपणी शाळेतून आली की ती जिन्याखाली बसून अशीच नाक ओढायची आणि काही झालं नाही म्हणायची.

मेहिटेबलने डोळे उघडले.

“मिस्टर क्विग्ली, तुमच्या घड्याळात किती वाजले?”

“सात वाजून एकोणीस मिनिटं, बाईसाहेब.”

“वार?”

“शनिवार.”

“शपथेवर सांगता?”

“शपथेवर.”

“मग शनिवारच,” ती म्हणाली. “समन्सला शनिवार आणि लग्नाला रविवार असं मी करणार नाही. या घरात दोन्हीकडून घेऊन पुष्कळ झालं. पर्मिलिया, वर जा, झगा घाल. ड्रुसिला, तिच्या केसांतले ते कागद काढ. ऑरिन, पपांची बॅग भर. गरम बनियन विसरू नकोस, कोलंबसला हवा दमट असते.”

“आणि आई, तू?”

“मी दिवे लावते.”

व्हरांड्यात आठ दिवे होते. मेहिटेबलने ओढलेली पहिली काडी विझली. दुसरी पेटली. आकाशातून काही कोसळलं नाही. टॉलमनांनी रॉकेलच्या त्या उजेडाकडे जरा रागाने पाहिलं, मग खिशातून चष्मा काढून लावला, म्हणजे नीट दिसावं.

“फाटक उघडा,” खाली येताना पर्मिलिया म्हणाली. पांढरा झगा, चुरगळलेली ओढणी, आणि घाईत दोन वेगवेगळे बूट. “सगळ्यांना आत येऊ दे. मला फाटकापासून चालायचंय.”

गर्दी दबकत आत आली आणि वाटेच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली. यातल्या कित्येकांनी मागच्या हिवाळ्यात लायमनचा पेंढ्याचा पुतळा जाळला होता. बाप आणि मुलगी फाटकापाशी गेले, वळले. पर्मिलियाने त्याच्या दंडात हात घातला. कुठूनतरी एक शिट्टी आली.

“टोप्या काढा!” क्विग्ली गरजला. “सरकारी साक्षीदार आहे तो आता!”

टोप्या निघाल्या. दोघं चालत आले, सावकाश, कारण बुटांच्या दोन टाचा सारख्या नव्हत्या. पर्मिलियाने मान खाली घातली नाही. ती डावीकडे पाहत होती, उजवीकडे पाहत होती, शाळेतल्या एकेकीला शोधून शोधून पाहत होती. मेहिटेबल पायऱ्यांवर उभी होती. मुलीच्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं, ते तिने मुलगी सहा वर्षांची झाल्यानंतर पाहिलं नव्हतं.

पाळक पीझांनी पुस्तक उघडलं. “या स्त्रीला या पुरुषाच्या हाती कोण देत आहे?”

“मला आठवत नाही,” लायमन म्हणाला.

दोन महिन्यांचा सराव. प्रश्न आला आणि उत्तर आपोआप बाहेर पडलं. अंगणभर हशा पिकला. ऑरिनने कपाळावर हात मारून घेतला. टॉलमन पुन्हा पोट धरणार होते, पण विहीणबाईंनी त्यांना कोपर मारलं.

पर्मिलिया हसली नाही. ती वाट पाहत राहिली.

लायमन कानापर्यंत लाल झाला. “थांबा,” तो म्हणाला. “पुन्हा विचारा.”

पाळकांनी पुन्हा विचारलं.

“मी देतोय. लायमन बॅसेट. मी तिचा बाप आहे.” त्याने घसा साफ केला. आता तो पाळकांशी बोलत नव्हता. “तिचा जन्म झाला तेव्हा बर्फ पडत होतं. मंगळवार. मी घरी नव्हतो, मी एका माणसाला त्याचा कारखाना विकायला भाग पाडत होतो. तीन दिवसांनी घरी आलो. तिच्या मुठीत लोकरीचा धागा होता, तपकिरी. मला आठवतं. सगळं आठवतं.”

क्विग्लीने नवीन कॉलरच्या टोकाने डोळे पुसले. जोटमने पर्मिलियाचा हात घेतला आणि आपल्या वाट्याचे दोन शब्द अगदी स्पष्ट उच्चारले.

साडेआठला बग्गी दारात आली. क्विग्ली बॅग घेऊन पुढे चढला; त्यालाही कोलंबसलाच जाऊन, समन्स बजावल्याची नोंद द्यायची होती, आणि मेहिटेबलने दोघांना मिळून एकच डबा बांधून दिला होता. लायमन पायरीवर रेंगाळला.

“हिटी, सोमवारी विचारतील. सगळंच विचारतील. काय सांगू?”

“आज दुसऱ्या वेळी सांगितलंत तसं.”

“आणि पहिल्या वेळी तोंडातून तेच निघालं तर?”

“तर म्हणायचं, थांबा, पुन्हा विचारा.” तिने त्याच्या कोटावरचा केकचा कण झटकला. “मी तेवढा वेळ प्रार्थना करत असेन, मिस्टर बॅसेट. दहापासून.”

त्याने मान डोलावली, टोपी घातली आणि बग्गी फाटकाबाहेर पडली.

आत टॉलमन तिसऱ्यांदा हॅम वाढून घेत होते. दिवाणखान्यात कुणीतरी पियानो वाजवायला घेतला होता. स्वयंपाकघरात मात्र ताटं, वाट्या, केकचे साचे, दाण्यांची काळी भांडी, सगळ्यांचा टेबलापासून खिडकीपर्यंत डोंगर झाला होता. नोकरांना शनिवारी सूर्यास्तानंतर कुणी काम सांगत नसे. ते सवयीने केव्हाच आपापल्या खोल्यांत गेले होते.

मेहिटेबलने अंगठी काढून फळीवर ठेवली, बाह्या वर केल्या आणि विझलेल्या चुलीवर राहिलेलं कोमट पाणी टोपात ओतलं.

ड्रुसिला दारात येऊन थबकली. “हिटी! हे काय? तू? अगं, देव बघतोय!”

“बघू दे,” मेहिटेबल म्हणाली. “तू फडकं घे आणि पूस.”